मुकादमाची गोळी

"बोक्याला गोळी देणं म्हणजे काय मोठं! अडतीस वर्षं सातवी 'क' सांभाळलीय मी!" मास्तरांनी बाह्या सरसावल्या.

बोक्याचं नाव मुकादम. दिवसभर खिडकीत बसून घरातल्यांच्या कामावर देखरेख करायची, हाच त्याचा उद्योग. पण परवा त्याला केमोथेरपीचं इंजेक्शन दिलं आणि त्यानं अन्नच सोडलं. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी भूक लागायची गोळी देऊन बजावलं, "संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर दाखल करून नळीनं भरवावं लागेल. पुढचं इंजेक्शनही लांबेल." तेव्हापासून मास्तरांच्या बायकोच्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

मास्तरांनी चीजचे दोन तुकडे केले. एकात गोळी दडवली. मुकादमानं दोन्ही हुंगले आणि तोंड फिरवलं.

"त्याला कळलं नसेल. प्रात्यक्षिक दाखवायला हवं!" मास्तर ओणवे झाले, साधा म्हणून एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. "बघ, असं चावायचं, असं गिळायचं!"

बायकोनं उरलेला तुकडा मोडून पाहिला. आत नुसतं चीज!

"अहो! गोळी तुम्हीच गिळलीत!"

तिनं घाबरून दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाईंनी खोकल्याच्या नावाखाली हसून घेतलं. "माणसांनाही देतात ते औषध. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारा. झोप येईल आणि सपाटून भूक लागेल. मुकादमासाठी दुसरी गोळी घेऊन जा."

घरच्या डॉक्टरांनीही घाबरू नका म्हणून सांगितलं. तासाभरात मास्तरांनी अर्धा पाव, सहा केळी आणि बिस्किटांचा अख्खा डबा फस्त केला!

बायको दुसरी गोळी घेऊन परतली, तर मास्तर स्वयंपाकघरात फतकल मारून, पेंगत पेंगत, मुकादमाच्या वाटीतलं उकडलेलं चिकन खात होते!

"अहो, काय हे!"

"घरात दुसरं काही उरलं नाही गं..."

खिडकीतून मुकादम हे सगळं बघत होता. आपल्या वाटीला कुणी हात लावलेला त्यानं आजवर खपवून घेतला नव्हता. तो उतरला, लटपटत आला, मास्तरांच्या हातावर एक चापट ठेवून दिली आणि वाटीत तोंड खुपसलं. एक घास. दुसरा. वाटी चाटूनपुसून लख्ख!

बायकोला रडूच फुटलं. तिनं रडत रडतच फोन केला. "खाल्लं हो त्यानं! गोळी न देताच खाल्लं!"

"झकास! मग उद्याची गोळीही मास्तरांनाच द्या," स्पीकरवरून डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तरांनी जमिनीवरूनच एक डोळा उघडला. "चालेल. फक्त चीज जरा जास्त लावा म्हणावं."