गालिच्यातलं भोक

व्याही यायला अर्धा तास उरला, तेव्हा बुरमाच्या ध्यानात आलं, की थोरल्या लेकीच्या लग्नासाठी दोन हिवाळे खपून, लोकर थापून केलेला नमद्याचा गालिचा जागेवर नाही. नारिन गावातलं, डोंगराखालचं ते घर केवढंसं! गालिचा सापडला मागच्या खोलीच्या खिडकीवर, चार खिळ्यांनी ठोकलेला. आत मिट्ट काळोख.

"हे कुणी केलं?"

"मी," नवरा कुबात म्हणाला. "एलनुरा म्हणाली, खोली अंधारी हवी. मला वाटलं, झोपायचं असेल पोरीला."

सहा वर्षांची धाकटी एलनुरा दर रविवारी वाचनालयातल्या विज्ञानवर्गाला जायची. गाणी-गोष्टी असतील म्हणून बुरमानेच तिला तिथे घातलं होतं. महिन्याभरात पोरीने घड्याळ उघडलं, अंडी मिठाच्या पाण्यात तरंगवली. आता ती कात्री घेऊन उभी होती.

"कार्टे, कात्री कशाला?"

"भोकाला. एवढुस्संच पाडलंय, आई. वाटाण्याएवढं."

बुरमा खिळे उपसायला धावली. तेवढ्यात, वेळेआधीच, अंगणात गाडी थांबली.

व्याही ओस्मोनकुल असे, की त्यांच्यापुढे अख्खी आळी शिंकसुद्धा दाबायची. विहीणबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "गालिचा दाखवा हं आधी. फार ऐकलंय."

"तो... वाळतोय."

"मागच्या खोलीत आहे, चला!" एलनुराने दोघांना ओढत नेलं. माफी मागायला बुरमा मागोमाग धावली. पोरीने दार लावून घेतलं.

आधी काहीच दिसेना. मग समोरच्या पांढऱ्या भिंतीवर हळूहळू रंग उतरले. खाली निळं आभाळ, त्यात टोक बुडवून लटकलेला बर्फाचा डोंगर, आणि वर, छताला खूर टेकवून शांतपणे चालणारी घरचीच घोडी.

"अगं बाई!" विहीणबाई पुटपुटल्या.

बुरमा माफी मागायचं विसरली. रोजचंच तर अंगण! पण ते इतकं सुंदर आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

ओस्मोनकुलांनी टोपी काढली. "कोण दाखवतंय हे?"

"कुणी नाही. उजेड भोकातून सरळच येतो. म्हणून वरचं खाली पडतं, खालचं वर."

"कुबात, बाहेर जाऊन जरा चाल रे!" विहीणबाई ओरडल्या. कुबात छतावरून डोकं खाली करून चालला. मग विहीणबाई स्वतः बाहेर जाऊन चालल्या. चुलीवरचं मटण करपलं, पण कुणी हललं नाही.

"बुरमाबाई, भोक बुजवू नका हं," विहीणबाई परत येत म्हणाल्या. "आमच्या खिडकीतून डोंगर जास्त जवळ दिसतो."

ओस्मोनकुल एलनुरापाशी वाकले. "पोरी, तुमच्या वर्गात म्हाताऱ्यांना घेतात का गं?"

तिने विचार केला. "घेतील. पण मधेच बोलायचं नाही. आधी हात वर करायचा."

काळोखात ओस्मोनकुलांनी हात वर केला.