चार सळयांची सीट

आमच्या गावात चामड्याची सीट सायकलला बसवण्याआधी तिला बघायला क्लॅम्प येतात, सीटला दांड्यावर धरून ठेवणारे. रबरी सीटला हे लागत नाही. रबर कुणाशीही जुळवून घेतं.

माझ्या सीटला खालून चार सळया होत्या. हल्लीचे क्लॅम्प दोनच सळया धरतात, त्यामुळे स्थळं कमी. आणि मला घाई होती. खालच्या वाडीत पोरांना जुलाब लागले होते. विहिरीचं पाणी तपासायला मी परदेशात शिकले होते, सामानही सोबत आणलं होतं. वाडीकडची वाट मात्र सायकलपुरतीच रुंद.

शेवटी सायकल दुरुस्त करणारे इलाहीचाचा एक स्थळ घेऊन आले. क्लॅम्प चकचकीत होता, सोबत त्याचे दोन नट. माझ्या आत्यानं पोहे केले.

"मुलीला पाऊस चालतो?" क्लॅम्पनं विचारलं.

"थोडा," आत्या म्हणाली. "भिजली तर सावलीत वाळवायची. उन्हात तडकते. आधीच सांगते, मागाहून तक्रार नको."

"पण दोन सळया मोकळ्या राहतील."

"राहू दे की," चाचा म्हणाले. "तिथं खाली वाकून कोण बघतंय?"

सीट गप्प राहिली की होकार समजायचा आणि नट आवळायचे, अशी रीत आहे. चाचांनी पाना उचलला. मला राहवेना.

"थांबा! तिला कुणी विचारलंय का?"

"अगं, असं विचारतात का कुठं?" आत्यानं कपाळाला हात लावला.

"विचारायलाच हवं. जन्मभर हा तिला धरून ठेवणार." मी सीटसमोर बसले. "मोकळेपणानं सांग."

सीट जरा करकरली. "नको," म्हणाली.

क्लॅम्प नटांसकट उठला. पोहे तसेच राहिले.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली. "या घरात मुलीला विचारतात म्हटल्यावर आता कोण येतंय!"

कुणीच आलं नाही. वाडीहून मात्र निरोप आला, मोठी माणसंही आडवी झाली होती.

"निदान वाडीपुरतं तरी?" मी सीटला म्हणाले. "तात्पुरतं."

"तात्पुरतं लग्न तू करशील?"

मी एकटीच सामान बांधायला लागले.

"वाडीला मात्र मी येते," ती म्हणाली.

मी सामान हँडलला अडकवलं, तिला कॅरिअरवर बसवलं. चाचांनी सीटच्या बोडक्या दांड्याला फडकं गुंडाळून दिलं. पोरगी बिनलग्नाची मागे बसवून कुठं निघालीस, असं आत्या दारातून ओरडत होती. मी उभ्यानंच पेडल मारत सुटले. मधल्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले, तरी थांबले नाही.

विहिरीवर बायका नुकत्याच कळशा भरून वळत होत्या. मला इतकी धाप लागली होती की तोंडातून शब्द फुटेना.

"ते पाणी पिऊ नका, आधी बघू द्या!" मागून सीट ओरडली.

बायकांनी कळशा खाली ठेवल्या.