वानखडे सर आणि हिरवी जाळी

आमच्या शेजारचे वानखडे सर टमाटे भर रस्त्यात उभे राहून निवडतात. भाजीवालीनं वर लाल ताडपत्री ताणलेली असते, म्हणून सर एकेक टमाटा उन्हात नेऊन बघतात.

"लाल ताडपत्रीतून लालच उजेड खाली येते, बाई. त्यात कच्चाबी पिकेल दिसते."

"सर, घ्याचे असन तं घ्या. शाळा घरी भरवा!"

सर निवृत्त झाले, त्यांचं भौतिकशास्त्र झालं नाही. साडी असो की तिखट, "उजेडात आना!" अमरावतीतले साडीवाले त्यांना पाहून शटरकडे बघतात.

मे महिन्यात माझी मुलगी पल्लवी पाच दिवसांची लेक घेऊन दवाखान्यातून घरी आली. माझी तयारी चोख: कूलर, माठ, गॅलरीला दुहेरी हिरवी जाळी. खोली थंडगार.

सर बाळ बघायला आले आणि दारातच थबकले.

"वहिनी, जाळी काढा."

"बाहेर आग पडून राहिली, सर!"

"गरमी मले समजते. पन या उजेडात मीबी हिरवा, तुमीबी हिरव्या. पोरीचा खरा रंग कोनता? दूध पेते?"

"सकाळपासून उठतच नाही," पल्लवी म्हणाली.

"बाळ झोपणारच. हात लावू नका जाळीला!" मी ओरडले.

सर तोवर स्टुलावर चढले होते. गाठ सुटली, पांढरा उजेड बाळावर पडला. कपाळ पिवळं, छाती पिवळी. उजेडानं तिनं डोळे किलकिले केले. तेही पिवळे.

मी काही बोलायच्या आत सर रिक्षा आणायला धावले. वाटेत झळा लागू नयेत म्हणून रिक्षाच्या उघड्या बाजूला त्यांनी आपला दुपट्टा ताणून धरला. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ बरीच चढली होती. बाळाला लगेच निळ्या दिव्याखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, "उतरतेय." अकोल्याहून आलेले जावई तेव्हा कुठे खाली बसले. पल्लवीला मात्र रडू फुटलं. दिव्याच्या उजेडापासून जपायला बाळाच्या डोळ्यांवर पट्टी होती.

"तिले मी दिसतच नाही, काका."

"उजेडाले डोये लागते, पोरी. गरमीले नाही लागत. हात ठेव."

तिनं बाळाच्या पोटावर हात ठेवला. बाळाचे पाय शांत झाले.

"तुमीबी ठेवा ना, काका."

सर गडबडले. दोनदा हात धुऊन आले. बायको वारल्यापासून ते घरात एकटेच असतात. त्यांनी एक बोट बाळाच्या तळपायाला टेकवलं.

"गरम आहे," एवढंच म्हणाले.

नर्सनं बाहेर जायला सांगितलं. पल्लवीनं हात काढला. सरांचं बोट तिथंच होतं.