सदतिसाव्या ओळीचे गूढ

तांत्रिक गुन्ह्यांचा शोध पुराव्यानिशी लावू शकणारी एकच व्यक्ती अमरावती जिल्ह्यात हयात आहे, असे भगवंतरावांचे ठाम मत होते. आणि ती व्यक्ती त्यांच्याशी पूर्णपणे सहमत होती. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर ‘तांत्रिक अन्वेषक’ अशी पाटी लावली. त्यानंतर तीन पक्षकार आले. तिघांनीही सोबत लिंबू आणले होते.

चौथे प्रकरण मात्र अस्सल निघाले. त्यांची जुनी विद्यार्थिनी साधना अकोल्यात मुलींची अभ्यासिका चालवत होती. एका देणगीदाराने तिला वीस संगणक दिले. पण त्यांतली वायरलेस कार्डे चौथ्या आवृत्तीची, आणि ती चालवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, फक्त तिसऱ्या आवृत्तीला ओळख दाखवी. साधनाने आवृत्तीच्या त्या तपासणीत दुरुस्ती करणारा पॅच, म्हणजे आज्ञावलीत बदलायच्या ओळींची यादी, लिहिला. भगवंतरावांची लेखी मंजुरी आल्याशिवाय तो बसवायचा नाही, असा समितीचा ठराव होता. मुदत आज पाचपर्यंत. पाचनंतर संगणक दुसऱ्या संस्थेकडे जायचे होते, आणि त्यासाठी टेम्पो अभ्यासिकेच्या दारात उभा होता.

भगवंतराव पडद्यावर काहीच तपासत नसत. पडद्यावरचा मजकूर केव्हाही बदलतो. कागद साक्ष फिरवत नाही. त्यांनी पॅच छापून घेतला, पंचिंग मशीनने भोके पाडली, टॅग ओवून फायलीत लावला, विषय व क्रमांक टाकला आणि मगच भिंग हाती घेतले.

साडेतीनला ते उद्गारले, “मोतीराम, घात झाला.”

मोतीराम त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होता. दोघे एकाच दिवशी निवृत्त झाले होते. पण ते मान्य फक्त मोतीरामला होते.

“काय झालं साहेब?”

“ज्या ओळीपुढे वजाचे चिन्ह, ती काढायची. अधिकचे चिन्ह, ती घालायची. चिन्ह नसेल, ती तशीच ठेवायची. आता सदतिसावी ओळ पाहा. ‘आवृत्ती तीन नसेल तर परत पाठवा.’ चिन्ह नाही, म्हणजे ओळ जिवंत! दोन ओळी खाली, अधिकचे चिन्ह लावून नवी ओळ, ‘आवृत्ती तीनपेक्षा कमी असेल तर परत पाठवा.’ पहिला पहारेकरी चौथ्या आवृत्तीला हाकलतोच आहे. मग दुसरा उभा केला कशाला?”

“पोरीलेच इचारा ना.”

“संशयिताला सुगावा लागू द्यायचा नसतो.” त्यांनी अकोल्याला फोन लावला. “साधना, काल सायंकाळी सहा वाजता तू कुठे होतीस?”

“अभ्यासिकेतच होती सर. पॅच पाहला का? टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिला.”

“एकटीच होतीस?”

“चाळीस पोरी होत्या.”

भगवंतरावांनी फोन ठेवला आणि वहीत नोंद केली : संशयित, एक्केचाळीस.

पुढच्या तासाभरात उपपत्ती वाढत गेल्या. पहिली, साधनाला डुलकी लागली. फेटाळली, डुलकीतला माणूस इतका सरळ समास राखत नाही. दुसरी, कार्डेच तोतया. तिसऱ्या आवृत्तीने चौथीचे लेबल लावून प्रवेश मिळवला. तिसरी सर्वांत गंभीर होती.

“ही ओळ बाहेरच्या माणसाने घुसवली आहे. नकार देते, पण आवाज चढवत नाही. हात पुण्याचा आहे.”

“बाप्पा! पुन्याचा मानूस अकोल्यात आला अन् कोनाले दिसला नाई? या उनात?”

पावणेपाचला भगवंतरावांनी निकाल लिहिला. पॅच नामंजूर, कारणे सात. ते पत्र लावायला मोतीरामने फाइल ओढली आणि तो थबकला.

“साहेब, हे भोक कोनं पाडलं?”

“मीच.”

“तरीच. समास नाई पाहला तुमी. वरच्या ओळीपुढं वजा, खालच्या ओळीपुढं वजा, अन् मधात, सदतिसावीपुढं, भोक.” त्याने कागद उचलून त्या भोकातून भगवंतरावांकडे पाहिले. “माह्या सर्व्हिस बुकात असंच झालतं. भोकानं जन्मसालातला आकडा खाल्ला. हापिसातले म्हनत, तू अजून जन्मालेच नाई आला.”

“पुरावा हवा,” भगवंतराव क्षीण आवाजात म्हणाले.

त्यांनी पंचिंग मशीनचा तळ उघडला, कागदाच्या टिकल्या टेबलावर ओतल्या आणि चिमट्याने एकेक भिंगाखाली धरली. चार वाजून चोपन्न मिनिटांनी एका टिकलीवर आडवी रेघ सापडली.

“साधना, पॅच मंजूर,” ते फोनवर म्हणाले.

“लेखी पाठवा सर, लवकर! पण इतका वेळ काहून लागला? चूक होती का?”

“होती.” भगवंतरावांनी ती टिकली जपून पाकिटात घातली. “अमरावतीत.”

मंजुरीखाली तपासणाऱ्याचे नाव लिहायची पद्धत असते. पॅच जगात कुठेही गेला तरी ते नाव सोबत जाते. भगवंतरावांनी स्वतःचे नाव लिहिले. क्षणभर पाहिले. मग खाली दुसरी ओळ घातली : ‘तपासणाऱ्याची चूक दाखवणारे, मोतीराम.’

“माहं नाव काहून?”

“पद्धत आहे. ते कायम राहते.”

मोतीरामने विचार केला. “पेन्शनमधून काई कटन का?”

“नाही.”

“मंग राहू द्या. अन् पाठवा बाप्पा, पाच वाजून राहिले.”

मंजुरी अकोल्यात पोहोचली तेव्हा पाचला एक मिनिट कमी होते, आणि एक संगणक टेम्पोत चढला होता. चाळीस मुलींनी तो उतरवून घेतला.