कार्डाच्या पाठीमागे दोन ओळी

सदर हकीकत सन १९९७ ची असून कोल्हापूर मुक्कामी घडलेली आहे. पार्श्वनाथ मगदूम हा तरुण बी.कॉम., निर्व्यसनी आणि बेकार होता. पहिल्या दोन गोष्टींचा तिसरीवर काही इलाज चालत नव्हता. आई अक्काताई रोज जैन बस्तीत जाऊन देवाकडे एवढंच मागायच्या, की पोरगं कुठंतरी चिकटू दे.

अशात पुण्याहून टाय लावलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात सांगितलं, की नोकरी अर्जाने नव्हे, ओळखीने मिळते. हे कोल्हापुरात सांगायला पुण्याहून माणूस यावा, कमालच म्हणायची! मात्र पुढचा मुद्दा नवा होता. ओळख नसेल तर स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड छापा आणि भेटेल त्याच्या हातात ठेवा.

पार्श्वनाथ तडक लक्ष्मीपुरीत गुंडूअण्णांच्या प्रेसवर गेला.

"नावाखाली काय टाकू?" गुंडूअण्णांनी विचारलं.

"काही नको. सध्या मोकळाच आहे."

"मोकळं कार्ड आमच्या प्रेसमधनं भाईर पडत न्हाय. उपाध्यक्ष टाकतो."

"कशाचा?"

"त्ये कोण इचारतंय? एवढं उपाध्यक्ष छापलं, आजपतोर एकानं इचारलं न्हाय!"

नावाखाली 'उपाध्यक्ष' आणि त्याखाली शेजारच्या मीनाबाईंचा फोन नंबर, अशी कार्डं तयार झाली. पार्श्वनाथने ती लग्नात वाटली, बारशात वाटली, दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेतलेल्या माणसांच्या खिशात स्वतः घातली. नोकरीचा फोन काही आला नाही. मीनाबाई मात्र आल्या. त्यांचा गॅसचा नंबर कित्येक वर्षं लागत नव्हता.

"पारसा, तुझं एक कार्ड दे बघू. आणि पाठीमागं दोन वळी खरड की."

बिचाऱ्याने लिहून दिलं: 'आपला माणूस आहे. काम व्हावे.'

दुसऱ्या दिवशी सिलिंडर दारात! एजन्सीवाल्याचा हिशेब सरळ होता. कशाचा उपाध्यक्ष हे लिहायचीही ज्याला गरज वाटत नाही, तो माणूस भलताच मोठा असणार. विचारायला जाऊन उगाच बैल अंगावर कोण घेणार?

मग काय, मगदुमांच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. कुणाची बदली, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पोराचं कॉलेज. पार्श्वनाथ भिडस्त. नाही म्हणता येईना. कार्डं संपली की गुंडूअण्णा आपण होऊन आणखी आणून द्यायचे. अक्काताई चहा करून करून वैतागल्या.

"गावाला चिकटवलास! तुझं काय रं, भाड्या?" असं म्हणून एकदा तर त्या रडल्याच.

अखेर हातकणंगल्याकडच्या एका सूतगिरणीत कारकुनाची जागा निघाली. पार्श्वनाथने अर्ज केला आणि इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला गेला. बाहेर बसलेल्या बहुतेक उमेदवारांच्या हातात त्याचंच कार्ड होतं. मीनाबाईंचा भाचा आकाराम तर उठून पायाच पडला.

शिपायाने नाव विचारून आत सांगितलं. अध्यक्ष बाळासो स्वतः दारापर्यंत आले.

"साहेब, तुमी कशाला तरास घेतला? कार्ड पाठवायचं की! बसा हिकडं, आमच्या शेजारी."

आणि उमेदवार पार्श्वनाथ मगदूम मुलाखत घेणाऱ्यांच्या रांगेत बसला. चहा आला, बिस्किटं आली. उमेदवार येत-जात राहिले. मग शिपायाने आरोळी दिली, "मगदूम पार्श्वनाथ!"

"मीच तो," पार्श्वनाथ उठून म्हणाला.

"बसा वो साहेब, चेष्टा करताय व्हय!" बाळासो हसले आणि शिपायाकडे वळले. "बोलावल्यावर येत न्हाय म्हंजे काय? शिस्तच न्हाय ह्या पोराला. गैरहजर मांडा."

"अहो, खरंच मी! नोकरी मलाच पाहिजे. आई वाट बघतेय घरात."

बाळासोंनी चष्मा पुसला, अर्ज वाचला, गुणपत्रिका वाचली. गुण सर्वांत जास्त होते.

"मग कार्ड कुणाचं आणलंय?"

"माझंच आहे."

"सवताचं चालत न्हाय, साहेब. उद्या कुणीबी उठंल आणि सवताच्या लायकीवर नोकरी मागंल. संस्था कशी चालायची?"

जागा आकारामला मिळाली. तो दहावीला गणितात अडकला होता, पण त्याचं कार्ड सगळ्यांच्या आधी पुढे आलं होतं. बाळासो म्हणाले, "मगदूम साहेबांचा शबूद आमी मोडत न्हाय." पार्श्वनाथला हार घालून, नारळ देऊन गिरणीच्या जीपने घरी पोचवण्यात आलं. हार बघून अक्काताईंनी आनंदाने गल्लीत साखर वाटली. खरं सांगायचं धाडस त्याला दोन दिवस झालं नाही.

ही हकीकत मी अनेकांना सांगितली. सगळे हळहळले, काहींनी व्यवस्थेला मनापासून शिव्याही घातल्या. मग जरा जवळ सरकून, आवाज खाली आणून, प्रत्येकाने एकच विचारलं: त्याच्या कार्डावर अजून कामं होतात काय?

होतात. तुमचं काय काम होतं?