ओळख पटल्याशिवाय दार उघडू नये

दुष्ट शक्तींचा नाश अटळ असतो. फक्त तो रविवारी होतो. सोमवार ते शनिवार दुष्ट शक्ती नुसत्या हसतात आणि चांगल्या शक्ती वळून बघतात (एकदा समोरून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, दरवेळी वीज कडाडते). पोंभुर्ण्याच्या जंगलाला टेकलेल्या त्या गावानं ही व्यवस्था केव्हाच मान्य केली होती. टीव्हीवर 'त्रिशूळकन्या' ही मालिका साडेसातला लागते, म्हणून ग्रामसभा सहाला भरते आणि सातला संपते. एखादा ठराव अर्धवट राहिला तर तो मंजूर समजावा, असाही एक ठराव आहे (तोही अर्धवटच राहिला होता).

वनखात्याची गाडी अधूनमधून भोंगा लावून गावातून फिरते. अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नये, गुरं-शेळ्या आत बांधाव्यात, लेकरांना एकटं सोडू नये, अशा तिच्या सूचना असतात. या सूचनांचं गावात कमालीचं पालन होतं. साडेसात वाजले की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सगळं गाव आपापल्या घरात असुराच्या भीतीनं कोपऱ्यात सरकून बसलेलं असतं, आणि वाघाला पूर्ण रस्ता मोकळा मिळतो. दोन्ही बाजूंची यात सोय आहे. (वाघ हा शब्द इथं लिहिला, कारण हे लिहिताना दिवस आहे. दिवेलागणीनंतर गावात त्याचं नाव घेत नाहीत. तेव्हा तो 'मोठा' असतो.)

गुणवंतरावांची सून रीता हे सगळं लेकीवर लक्ष ठेवण्यासाठी बघत असे. ती चंद्रपूरच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नवरा प्रफुल कोळसा खाणीत शिफ्टवर, म्हणून चार वर्षांच्या दिव्यानीची जबाबदारी तिच्यावर. जगात लेकराला कशाकशापासून धोका असतो याचा रीताचा अभ्यास मोठा होता: शेंगदाणा, बटन, पाण्याची बादली, सीताफळाची बी, पंख्याचा वारा, पंख्याचं बंद पडणं आणि शेजारच्या अंजनाबाईची नजर (शेवटच्यावर तिचा विश्वास नव्हता, काजळाचा टिक्का ती फक्त छान दिसतो म्हणून लावी). मुलं टीव्हीवर काय बघतात यावर पालकांचं बारीक लक्ष हवं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून 'त्रिशूळकन्या' सुरू होताना सर्वांत पुढं तीच बसे. भीतिदायक प्रसंग आला की हातानं डोळे झाकी. स्वतःचे. दिव्यानी मग तिला काय चाललंय ते सांगे.

मालिकेत सध्या कालजिव्ह नावाचा असुर होता. तो घरातल्याच माणसाचं रूप घ्यायचा, दाराशी उभा राहायचा आणि ओळखीच्या आवाजात म्हणायचा, "दार उघड." उघडलं की संपलं. मात्र प्रत्येक असुराला एक उणीव द्यावी लागते, नाहीतर मालिका त्याच्याच नावानं काढावी लागेल. कालजिव्हाची उणीव अशी की त्याच्या जिभेवर घरधन्याचं नाव येत नाही. जीभ भाजते. ही माहिती जटाधारी गुरुजींनी शनिवारचा अख्खा भाग खर्चून दिली होती.

रीताला ही कल्पना पटली. असुर खोटा, हे ती जाणून होती. पण नियम चांगला होता. परक्याला दार उघडू नको, हे ती दिव्यानीला कधीपासून सांगत होती आणि दिव्यानी परक्याला आधी उघडत होती. आता तिनं शिस्त लावली: दार वाजलं की आतून विचारायचं, 'घरधन्याचं नाव काय?' नाव बरोबर आलं तरच कडी काढायची. चाचण्याही झाल्या. लस द्यायला आलेल्या नर्सबाईनं नाव सांगितलं, आत आली. दूधवाला सुकलू नाव सांगून वर "मी रोज येतो न व!" म्हणाला, तोही आत आला. मिक्सर विकणाऱ्याला नाव सांगता आलं नाही, त्याला मिक्सरसकट परत पाठवण्यात आलं. पद्धत शंभर टक्के यशस्वी ठरली.

पद्धतीत एक उणीव होती. ती चाचणीत सापडली नाही, कारण रीताच्या सासूबाईंवर, म्हणजे गुणाबाईंवर, स्वतःच्या घराचं दार वाजवायची पाळी कधी आलीच नव्हती.

त्या रविवारी महासंग्राम होता. सकाळी हँडपंपाजवळ पंजे उमटलेले दिसले होते. बायकांनी ते पुसले जाऊ नयेत म्हणून जरा बाजूनं घागरी नेल्या आणि बोलणं कालजिव्ह आज मरणार की नाही यावर केलं. संध्याकाळी घाईघाईत स्वयंपाक उरकला. गुणवंतराव खाटेवर, दिव्यानी रीताच्या मांडीवर, असं सगळं जागच्या जागी बसलं. पहिली जाहिरात लागली तेव्हा गुणाबाईंच्या ध्यानात आलं की शेळी अजून सांदवाडीत, घरामागच्या चिंचेखालीच बांधलेली आहे.

"चंपीले घेऊन येतो," त्या उठल्या. "सुरू झालं तं आवाज दे."

"लवकर या, आई. एकट्या नका जाऊ."

"एकटी कुठी? चंपी आहे न."

त्या गेल्या. रीता सावध बाई. खात्याच्या सूचनेप्रमाणे तिनं मागून कडी लावून घेतली.

पडद्यावर तेवढ्यात महासंग्राम पेटला. कालजिव्हानं या वेळी त्रिशूळकन्येच्या सासूचं रूप घेतलं होतं. (सासूचं रूप घेतल्यावर असुराला फार मेकअप करावा लागला नाही, असं गुणवंतरावांचं निरीक्षण. ते त्यांनी गुणाबाई बाहेर असल्याचं बघूनच नोंदवलं.) सासू दाराशी आली. हसली. "सूनबाई, दार उघड." त्रिशूळकन्येनं त्रिशूळ उचललं. एकदा समोरून, एकदा डावीकडून, आणि उजवीकडून उचलायच्या आत लाईन गेली.

अख्ख्या गावातून एकच "अरेऽऽऽ" निघाला. मग अंधार, मग रातकिडे.

आणि मग दार वाजलं.

"रीता," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "दार उघड व."

दिव्यानी रीताच्या गळ्याला लटकली. "मम्मी, थोच आहे!"

रीता ग्रॅज्युएट होती. बाहेर सासूबाई आहेत हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि ओळख पटणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. गुणाबाई आयुष्यात कधी कुजबुजल्या नव्हत्या. त्या देवाशीसुद्धा पलीकडच्या आळीत ऐकू जाईल असं बोलत. आवाज त्यांचा म्हणावा तर एवढा बारीक कसा?

"आई, तुम्हीच का?"

"मी नाई तं का तुही माय आली? उघड लवकर. संडासामांगं मोठा आहे."

शेळीपर्यंत पोचायच्या आतच, अर्ध्या वाटेवरून सासूबाई माघारी वळल्या होत्या म्हणजे. रीता कडीकडे धावली, पण दिव्यानीनं तिचा हात दोन्ही हातांनी धरून असा काही टाहो फोडला की ती थबकली. शिवाय, विचार केला तर, मागं धोका आहे असं सांगून दार उघडायला लावणं ही कालजिव्हाची जुनीच पद्धत. गुरुजींनी त्याबद्दलही सावध केलं होतं.

"घरधन्याचं नाव काय?" दिव्यानी किंचाळली.



"काय विचारून राह्यली व हे पोट्टी?"

"आई, नाव तेवढं सांगा. पोरगी लय भ्याली आहे. एकदा सांगा की घेतेच आत."

"कोणाचं नाव?"

"मामाजींचं."

"अगं बाई! मी कशी घेऊ थे नाव?"

इथं पार्श्वभूमी सांगणं आवश्यक आहे. गुणाबाईंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उच्चारलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानात त्या कार्ड पुढं करून "वाचून घ्या" म्हणत. मतदानाला "यादीत माह्या वरतं आहे थे" असं सांगत. जनगणनेवाल्यानं फारच आग्रह धरला तेव्हा त्यांनी हातातली पळी खाटेकडे रोखली होती. म्हणजे त्या घडीला परिस्थिती अशी होती की गुणाबाईंना दोन नावं घेता येत नव्हती. एक खाटेवर होता, एक संडासामागं. आणि दार होतं पहिल्याच्या ताब्यात.

"मामाजी," रीतानं अंधारात विचारलं, "आवाज आईंचाच आहे न?"

गुणवंतराव प्रामाणिक माणूस. त्यांनी विचार केला.

"आता कसं सांगू? इतक्या वर्षांत मी काई तसं ध्यान देऊन आयकलं नाई."

"आयकलं नाई म्हणते!" बाहेरून आवाज क्षणभर वाढला आणि पुन्हा दबला. "अवं रीता, पाया पडतो तुह्या. पानं वाजून राह्यली."

रीतानं कान दिला. सागाची वाळलेली पानं खरंच वाजत होती. सावकाश, थांबून थांबून, जड पावलाखाली वाजावीत तशी. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हा आवाज नव्हता, पण तो कळायला पुस्तक लागत नाही. मांडीला लेक चिकटलेली, दाराला सासू. तिनं दिव्यानीची बोटं एकेक करून सोडवायला घेतली. एक सोडवलं की दुसरं घट्ट. "नाव नाई सांगतलं! नाव नाई सांगतलं!" दिव्यानी रडत होती. नियम तिला आईनंच शिकवला होता आणि चांगला शिकवला होता.

"आई, घ्या हो नाव! देव काही नाही म्हणत!" आता रीताही रडकुंडीला आली.

बाहेर गुणाबाईंनी खाकरून घसा साफ केला. पदर डोक्यावर नीट घेतला असावा, कारण बांगड्या वाजल्या. नवऱ्याचं नाव घ्यायची बाईमाणसाला एकच कायदेशीर वाट असते आणि ती म्हणजे उखाणा. उखाणा कुजबुजून घेता येत नाही. गुणाबाईंनी तो हळदीच्या मांडवात घ्यावा तसा, पलीकडच्या आळीत ऐकू जाईल असा घेतला:

"सागाच्या पानाआड मोठा बसला दडूऽऽन,
गुणवंतरावाची सून आत बसली अडूऽऽन!"

पानं एकदम थांबली. इतक्या जवळून उखाणा ऐकायची त्याचीही पहिलीच वेळ असावी. मग धडपड झाली आणि पावलं संडासामागून निघून चिंचेच्या दिशेनं गेली.

शेजारच्या घरातून अंजनाबाईचा आवाज आला, "वा व गुणाबाई! आणखी एक होऊन जाऊ दे!"

दिव्यानीचे हात आपोआप सुटले. नाव बरोबर होतं. रीतानं कडी काढली आणि सासूबाईंना दंडाला धरून अक्षरशः आत ओढलं. दिव्यानीनं आजीचे पाय सरळ आहेत का ते चाचपून बघितलं आणि मगच मिठी मारली. गुणाबाई भिंतीला टेकून मटकन बसल्या. पाणी प्यायल्या.

"तिघं होते घरात," त्या म्हणाल्या. "तिघाईलेबी माहा आवाज ओळखू आला नाई?"

रीतानं मान खाली घातली. गुणवंतरावांनी तोंड उघडलं. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज लाजल्यासारखा होता.

"नाव चांगलं घेतलं पण," ते म्हणाले.

"तुमी तं बोलूच नका!"

तेवढ्यात लाईन आली. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती. महासंग्राम संपला होता. क्षणात घरातलं सगळं मागं पडलं आणि एकच प्रश्न उभा राहिला: कालजिव्ह मेला का? गुणाबाईसुद्धा गिलास खाली ठेवून विचारत्या झाल्या. रीतानं खाणीत असलेल्या प्रफुलला फोन लावायला खाटेवर चढून रेंज शोधली, मिळाली नाही. अंजनाबाईनं भिंतीपलीकडून विचारलं. सगळ्या गल्लीनं एकमेकांना विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. गाव त्या रात्री फार अस्वस्थ झोपलं.

सकाळी पंजे बघायला वनरक्षक श्रीहरी आला तेव्हा त्याच्याभोवती ही गर्दी. त्याच्या चौकीतला टीव्ही सौरऊर्जेवर चालत असल्यानं त्यानं शेवट बघितला होता. त्यानं पंजाचं माप घेता घेता जाहीर केलं, "मेला. पण त्याची जीभ जित्ती राह्यली. पुढच्या रविवारी जीभ येणार आहे."

गावानं सुटकेचा श्वास टाकला. बायकांनी घागरी उचलल्या. रीतानं घरी येऊन नियमात रीतसर दुरुस्ती केली: 'नाव सांगणे अशक्य असल्यास उखाणा ग्राह्य धरण्यात येईल, मात्र तो मोठ्यानं घ्यावा.' नियम आता बिनचूक झाला. ती समाधानानं लेकीची वेणी घालायला बसली.

"मम्मी," दिव्यानीनं विचारलं, "आपली चंपी कुठी आहे?"

रीताचा हात वेणीतच थांबला. गुणाबाई चुलीपुढून उठल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. चिंचेखाली खुंटा होता. खुंट्याला दोर होता.

(वाचकांनी रीताला नावं ठेवण्याआधी जरा मागं जाऊन बघावं. शेळी चिंचेखाली बांधलेली आहे, हे तुम्हालाही वेळेवर सांगितलं होतं. 'मोठा' चिंचेकडे गेला, हेही लपवलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही काय विचारलंत? कालजिव्ह मेला का, एवढंच.)