घसा बसलेला भाडेकरू

"आज तू तोंड उघडायचं नाहीस," जिना चढता चढता बायको म्हणाली. "हो-नाहीसुद्धा नाही. हो म्हणालास की तो 'हो' कुठून आला ते सांगत बसशील."

नवऱ्याने मुकाट्याने मान हलवली. तो बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज असा खणखणीत, की फलाटावर डुलक्या काढणारा माणूस आपली गाडी नसतानाही सामान घेऊन उभा राहायचा. बोलणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता आणि शब्दांची मुळं उकरणं हे व्यसन. कुठलाही शब्द कानावर पडला, की हा त्याच्या सात पिढ्या बाहेर काढायचा. स्थानकावरचे ड्रायव्हर त्याला 'मुळाक्षर' म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्याला वाटायचं, कौतुकाने म्हणतात.

आता व्यसन म्हटलं की घराची वाताहत आलीच. यांच्या बाबतीत ती अगदी शब्दशः आली होती. राहत्या घराच्या मालकाचा मुलगा बायकापोरांसह परत येणार होता आणि महिनाअखेरीस घर रिकामं करायचं होतं. एक घर जवळजवळ ठरलं होतं. त्या मालकाने मिशीवर हात फिरवत सांगितलं, "आमचं घराणं एकदम अस्सल. बाहेरचं काही मिसळलेलं नाही." त्यावर मुळाक्षर मोठ्या प्रेमाने म्हणाला, "अस्सल हा शब्दच अरबी आहे, साहेब." ते घर तिथल्या तिथे गेलं. पुढे एका एजंटला तो म्हणाला, "तुम्हाला दलाल म्हटलं तर रागावू नका, मुळात त्याचा अर्थ वाट दाखवणारा." एजंट रागावला आणि त्याने खरोखरच वाट दाखवली. तेव्हापासून घर शोधायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं होतं.

हे तिसरं घर तिने एकटीने येऊन पाहून ठेवलं होतं. रक्त तपासायच्या लॅबमधली तिची नोकरी इथून चालत जाण्यासारखी होती. पण तिचा जीव अडकला होता स्वयंपाकघरात. सध्याच्या घरात पोळी लाटताना तिचं कोपर भिंतीला लागायचं. इथे ओटा लांबलचक होता, तिच्या उंचीचा होता आणि वर खिडकी होती. मालकांना फक्त नवऱ्याला एकदा भेटायचं होतं. एवढं निभावलं की झालं, असं ती बिचारी धरून चालली होती.

दार मालकांनीच उघडलं. चष्म्याचं दुकान चालवून निवृत्त झालेले, उंच, हसतमुख गृहस्थ. त्यांच्यामागे काकू हात पुसत उभ्या होत्या. रिकामं घर त्यांच्या शेजारचंच, दाराला दार लागून.

"या, या. हे बघा आपलं द्वार," मालक म्हणाले. "इंग्रज काय म्हणतो? डोअर. द्वार, डोअर. एकाच आईची लेकरं. आहे की नाही गंमत?"

भरल्या दुकानात साखरेचं पोतं फुटावं आणि शेजारी मधुमेहाचा रोगी उभा असावा, तशी बायकोची स्थिती झाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते. द्वार आणि डोअर खरोखरच एका आईची लेकरं होती, त्यामुळे त्याने मान डोलावली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"तुम्हाला पटलं?" मालकांनी खुश होऊन विचारलं.

मुळाक्षराने पुन्हा मान डोलावली.

"हे बोलत का नाहीत?"

"घसा बसलाय," बायको म्हणाली. हे ठरवून आलेलं नव्हतं, तोंडाला आलं ते बोलून गेली.

"पण तुम्ही तर म्हणाला होता, घोषणा करतात."

"म्हणूनच बसलाय, काका."

हे उत्तर इतकं चोख बसलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. पण खोटं एकटं कधी राहत नाही, त्याला सोबत लागते. काकूंनी विचारलं, साथीचं तर नाही ना? बायको म्हणाली, छे, डॉक्टरांनी नुसतं बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. मालकांनी विचारलं, किती दिवस? बायको म्हणाली, बरेच. मग नोकरीचं काय? आणि नोकरी नाही तर भाड्याचं काय? तेव्हा बायकोने त्याला तात्पुरतं तिकीट खिडकीवर बसवलं. "तिथे बोलावं लागत नाही का?" काकूंनी विचारलं. "काचेच्या आडून नाहीतरी काही ऐकू येत नाही," बायको म्हणाली. हे मात्र सगळ्यांनाच पटलं.

"थांबा, कोमट पाणी आणते मीठ घालून. गुळण्या करा," म्हणून काकू आत गेल्या.

तोवर मालक दोघांना घेऊन रिकाम्या घरात शिरले. "ही पुढची खोली. खोली, हॉल. ख गेला, ह आला, बाकी तेच. इंग्रजांनी हॉल आपल्याकडून उचलला."

मुळाक्षराच्या गळ्याची शीर फुगली. द्वार-डोअर ठीक होतं, पण हे साफ चूक होतं. खोली 'खोल'वरून, हॉलचं कूळ वेगळं, त्यांचा एकमेकांशी शेजारधर्मसुद्धा नाही. घरी तो हे नेहमी सांगायचा. "सारखं दिसतं म्हणून नातं नसतं. तुझी शाळेतली मैत्रीण आणि तिचा नवरा बहीणभाऊ वाटतात, म्हणून ते काय बहीणभाऊ आहेत?" बायको त्या वेळी धुतलेले कपडे दोरीवर टाकत असायची आणि हं म्हणायची.

आत्ता तिने फक्त त्याचा हात धरला. प्रेमाने नव्हे, नखं रुतवून.

"आणि हे कपाट," मालकांनी भिंतीतल्या कपाटाची दोन्ही दारं उघडली. "भरपूर जागा आहे. कपाट, कबर्ड. आता हे तर लहान मुलालाही कळेल. आपलं कपाट त्यांनी नेलं आणि कबर्ड करून आपल्यालाच विकलं."

मुळाक्षराच्या तोंडून "कप..." एवढं निसटलं आणि बायकोने जोरात खोकून ते झाकलं. तेवढ्यात काकू मिठाचं पाणी घेऊन आल्या. तो पेला त्याने हिसकावल्यासारखा घेतला आणि न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली. नळ सोडला. भिंतीकडे तोंड करून, बादलीला उद्देशून, तो दबक्या आवाजात तळमळून सांगू लागला, "कप अधिक बोर्ड. कप ठेवायची फळी. कपाट म्हणजे संस्कृतात दाराची फळी. काही संबंध नाही, काही म्हणजे काही नाही."

"घशात बरंच साठलं होतं वाटतं," बाहेरून काकू म्हणाल्या.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बराच निवळला होता. आणि मालकांचा चेहरा तर खुलला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला म्हणून सांगतो. आधीचे भाडेकरू मी बोलायला लागलो की गॅसवर दूध आहे म्हणायचे. रोज, सकाळ-संध्याकाळ दूध. ही आमची, ती टीव्ही मोठा करते. तुमच्यासारखा मन लावून ऐकणारा माणूस मला इतक्या वर्षांत मिळाला नाही. घर तुमचं. फक्त रोज संध्याकाळी तासभर माझ्याकडे बसायला यायचं. तुम्ही बोलायची काहीच गरज नाही."

मुळाक्षराने बायकोकडे पाहिलं. फाशीच्या तख्तावरचा माणूस इतक्या आशेने पाहत नसेल.

"येतील की," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे ओट्यावरची खिडकी होती.

मालकांनी खिशातून किल्ली काढली. आता ही गोष्ट इथे संपायला काहीच हरकत नव्हती. पण मालक शिष्टाचाराचे पक्के. म्हणाले, चहा घेतल्याशिवाय किल्ली देत नाही. सगळे त्यांच्या घरात आले. तिथे टेबलावर चादर पसरून मालकांच्या शर्टांची चळत ठेवलेली होती. बोलता बोलता काकूंनी एक शर्ट पसरला आणि सवयीने त्यावर इस्त्री फिरवायला लागल्या.

"आता शेवटचा सांगतो, माझा सगळ्यात लाडका," मालक खुर्चीत टेकून म्हणाले. "इस्त्री. हा शब्द कुठून आला? स्त्रीवरून. ते काम स्त्रीचं, म्हणून ती इस्त्री. आमच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हिने विचारलं होतं, तुमचे शर्ट मीच का करायचे? म्हटलं, बाई गं, शब्दातच लिहिलंय."

बायकोने नवऱ्याचा हात पुन्हा घट्ट धरला. मुळाक्षराने डोळे मिटून घेतले होते, ओठ आत ओढले होते, आणि तो खरोखर, मनापासून, गप्प होता.

"काही संबंध नाही," आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बायकोने स्वतःही पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की बोलली ती आहे, आणि आता थांबणं तिच्या हातात राहिलेलं नाही.

"इस्त्रीचा आणि स्त्रीचा काडीचा संबंध नाही, काका. सारखं दिसतं म्हणून नातं नसतं. तो पोर्तुगीज शब्द आहे. त्यांच्या त्या... ताणून सरळ करायला ते काय म्हणतात, ते... जिभेवर आहे अगदी..."

"एस्तिरार," मुळाक्षर म्हणाला.

फलाट क्रमांक एकपासून शेवटपर्यंत ऐकू जाईल असा तो आवाज होता. कपाटातल्या बश्या थरथरल्या.

"तुमचा घसा..." मालक म्हणाले.

"अस्सल आहे," तो ओशाळून म्हणाला. "माफ करा."

मालक उठले. किल्ली त्यांनी खिशात टाकली. "मी खोटं बोलणाऱ्या माणसांना घर देत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. रागापेक्षा ते दुखावले जास्त होते, कारण इतक्या वर्षांनी मिळालेला श्रोता हातचा गेला होता. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पर्स उचलली. स्वतःच्या जिभेने घालवलं होतं तिने ते घर, आता नवऱ्याला बोल लावायचीही सोय उरली नव्हती.

"थांब गं जरा," काकू म्हणाल्या. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली होती. "नक्की संबंध नाही?"

"नाही, काकू."

"थोडासा? लांबचा?"

"लांबचासुद्धा नाही," मुळाक्षर हळू म्हणाला. "पुस्तकं दाखवीन तुम्हाला."

काकूंनी शर्टांच्या चळतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "म्हणजे लग्न झाल्यापासून मी यांचे शर्ट," त्या सावकाश म्हणाल्या, "एका पोर्तुगीज शब्दाच्या भरवशावर करत आले."

"अगं, तो एक तर्क होता," मालक म्हणाले.

"मग हा धरा तुमचा तर्क." काकूंनी अर्धवट झालेला शर्ट त्यांच्या हातात दिला. "कॉलर आधी करायची. आणि ती किल्ली आणा इकडे."

"अगं, ही माणसं खोटं बोलली."

"एकदाच बोलली. आणि घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलंय, ते कुठल्या भाषेत लिहिलंय ते आत्ता विचारू नका." त्यांनी किल्ली घेतली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली. "पहिल्या तारखेला या. संध्याकाळी तासभर यांना पाठवत जा इकडे, पण बोलायला."

मालक शर्ट धरून उभेच होते. निघताना मुळाक्षराला राहवलं नाही. "काका, द्वार-डोअर तुमचं अगदी बरोबर होतं," तो म्हणाला.

"आणि कपाट?" मालकांनी आशेने विचारलं.

"ते संध्याकाळी बोलू," तो म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर बायकोने पर्स उघडून किल्ली आत आहे ना ते पाहिलं, बंद केली आणि पुन्हा उघडून पाहिलं. नवरा तिच्याकडे टक लावून बघत चालला होता.

"काय झालं?"

"मला वाटायचं, तू ऐकत नाहीस," तो म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता आणि तो लपवणं त्याला जमत नव्हतं.

"नव्हतेच ऐकत. पण तू थांबतोस कुठे? शिरलं डोक्यात, त्याला मी काय करू?"

"आणखी काय काय शिरलंय?"

तिने मागेपुढे पाहिलं. ओळखीचं कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि मग सुरू झाली. चावी पोर्तुगीज, साबणाचे भाऊबंद अर्ध्या जगात, बदनाममधला बद आणि इंग्रजी बॅड यांची तोंडओळखसुद्धा नाही. चौक ओलांडला, भाजीवाल्याची गाडी मागे पडली, तरी तिचं चालूच होतं. वाटेत बटाट्याचं मूळ तिने साफ चुकीचं सांगितलं, आणि वर छातीठोकपणे सांगितलं. मुळाक्षराने ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो का?"